मॉरिस मायनर विकत घेताना

मॉरिस मायनर ही दहा लाखांचा टप्पा गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात लोकांसमोर आली. सलूनचे, म्हणजे बंद छपराच्या मायनरचे, उत्पादन १९७० पर्यंत चालले. भारतात हिंदुस्तान मोटर्सने ती ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने आणली होती. बॉनेटच्या मधोमध जाणारी रुंद पट्टी शोभेची नाही. नमुन्याची गाडी अरुंद वाटली, म्हणून इसिगोनिस यांनी ती उभी कापून दोन भाग चार इंचांनी दूर सरकवले. ती पट्टी त्या निर्णयाची खूण आहे.

सुरुवातीच्या गाड्यांना ९१८ सीसीचे साइड-व्हॉल्व्ह इंजिन होते. १९५२ पासून ८०३ सीसीचे ए-सीरिज इंजिन आले, १९५६ मध्ये अखंड काचेच्या ‘मायनर १०००’ला ९४८ सीसीचे आणि १९६२ मध्ये १०९८ सीसीचे इंजिन मिळाले. संग्राहकाला जुनी मॉडेले मोलाची वाटतात, पण गाडी चालवायची असेल तर १९६२ नंतरचीच घ्यावी. तिला जोर आहे आणि पुढचे ब्रेकही मोठे आहेत.

पाहणी मात्र इंजिनापासून नव्हे, पत्र्यापासून सुरू करावी. मायनरला सुटी चासी नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा. पुढच्या चाकांना गुंडाळीची स्प्रिंग नसून टॉर्शन बार, म्हणजे पीळ सोसणारी लांब पोलादी कांब असते. ती मागे जाऊन पुढच्या सीटांखालच्या आडव्या क्रॉसमेंबरमध्ये अडकते. गाडीच्या पुढच्या बाजूचा भार शेवटी या क्रॉसमेंबरवर येतो आणि गंजही नेमका तिथेच, त्याच्या दोन्ही टोकांना, जॅक लावायच्या जागेजवळ धरतो. कार्पेट उचलून आणि गाडीखाली शिरून ही टोके स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावीत. चांगला पत्रा टणक लागतो. सडलेल्या पत्र्यात टोक रुतते. खालून नुकताच फासलेला जाड काळा थर दिसला तर संशय घ्यावा. दारांखालच्या सिलवर नवा पत्रा चढवून आतला गंज तसाच झाकण्याची सवय जुनी आहे. जॅकवर गाडी उचलताना दाराची फट कमी-जास्त झाली, तर सिल आणि सांगाडा दोन्ही कमकुवत झाले आहेत. मागे पाटे जिथे बसतात त्या जागा, पुढच्या मडगार्डांच्या आतली बाजू आणि डिकीचा तळही पाहावा. लांबी भरलेल्या जागी लोहचुंबक चिकटत नाही.

पुढचे चाक ज्या स्विव्हल पिनवर वळते, तिचे आटे खालच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या आधारात, फिरतात. वेळच्या वेळी ग्रीस मिळाले नाही तर हे आटे झिजतात, पिन सुटते आणि चालत्या गाडीचे चाक आडवे पडते. मायनरचा हा सर्वांत धोकादायक दोष. चाक उचलून वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये. ग्रीस निपल कोरडे आणि धुळीने भरलेले असतील तर मालकाने देखभाल केलेली नाही, हे उघड आहे.

चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली, फरशीच्या पत्र्याखाली बसवलेला असल्याने त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे.

इंजिनाची फारशी धास्ती नको. ए-सीरिज इंजिन पुढे मिनीतही वापरले गेले, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यानंतर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेले असतात; चढावर सतत आला तर रिंगा गेलेल्या. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज गुंतवणारी रचना) नाही, त्याची घरघर स्वाभाविक आहे. तिसऱ्यावरून दुसऱ्यात येताना कर्कश आवाज झाला तर मात्र गिअरबॉक्स उघडावा लागेल. शिसेविरहित पेट्रोलसाठी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या केल्या आहेत का, हे विचारावे. इथेनॉलमिश्रित इंधन जुने रबर खाते, म्हणून पेट्रोलच्या नळ्या बदललेल्या असाव्यात. मूळ वायरिंगमध्ये बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. नवी उपकरणे बसवलेली असतील तर ते बदलले आहे का पाहावे.

कागदपत्रांमधील क्रमांक प्लेटवरील क्रमांकाशी जुळवावा. बहुतेक मायनर १००० गाड्यांच्या प्लेटवर ‘एमए२एस’ म्हणजे दोन दारांची, ‘एमएएस’ म्हणजे चार दारांची सलून आणि ‘एमएटी’ म्हणजे उघड्या टपाची गाडी. सलूनचे छप्पर कापून उघडी गाडी म्हणून विकण्याचे प्रकार होतात. तिथे ही अक्षरे खरे सांगतात. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांपूर्वीच्या, मोठा बदल न केलेल्या गाडीला वार्षिक तपासणी सक्तीची नाही, त्यामुळे तपासणीचे ताजे प्रमाणपत्र नसेल तर जुन्या तपासण्यांच्या नोंदी पाहाव्यात. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही आणि अशी नोंद असलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.