अ‍ॅमेझॉन महानदी

भूगोल शिकतांना आपण दक्षिण अमेरिकेच्या नकाशावर अ‍ॅमेझॉन नदीची निळी रेघ ओढतों आणि पुढें जातों. परंतु जगांतील सर्व नद्या मिळून समुद्रास जें गोडें पाणी देतात, त्यांतील सुमारें एक पंचमांश ही एकटी नदी देते. एवढें पाणी तिला मिळतें तरी कोठून?

ही नदी पेरू देशांत अँडीज पर्वतावर उगम पावते आणि सुमारें ४,००० मैल वाहून ब्राझीलच्या किनाऱ्यावर अटलांटिक महासागरास मिळते. मैदानांत उतरल्यावर तिचा उतार जवळजवळ नाहींसा होतो. पेरूमधील इक्वितोस बंदर समुद्रापासून सुमारें २,३०० मैल आंत असूनहि समुद्रसपाटीपासून केवळ ३५० फूट उंच आहे. म्हणजे मैलामागें दोन इंचहि उतार नाहीं! म्हणूनच समुद्रांतील जहाजें तेथवर जाऊं शकतात.

इ. स. १५४१ च्या अखेरीस फ्रान्सिस्को दे ओरेयाना हा स्पॅनिश सरदार अन्नाच्या शोधार्थ नापो या उपनदीवरून खालीं गेला. प्रवाहाविरुद्ध परतणें अशक्य झाल्यानें तो तसाच पुढें गेला व १५४२ च्या ऑगस्टांत महासागरावर पोंचला.

मानौस शहराजवळ रिओ नेग्रो ही उपनदी अ‍ॅमेझॉनला मिळते. एकीचें पाणी काळसर, दुसरीचें गाळानें पिवळट; उष्णता, वेग व घनता भिन्न असल्यामुळें कित्येक मैल दोन्ही प्रवाह न मिसळतां शेजारीं शेजारीं वाहतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस पावसाळा निरनिराळ्या महिन्यांत येतो. या नदीला दोहों बाजूंच्या उपनद्या मिळत असल्यामुळें एकीकडील पूर ओसरूं लागला कीं दुसरीकडील पाणी येऊं लागतें. शिवाय अरण्याचें साहाय्य आहेच. महासागरावरील वारे बाष्प आणतात व पाऊस पडतो. झाडें तें पाणी मुळांनीं शोषून पानांवाटे पुन्हां हवेंत सोडतात, आणि तेंच पश्चिमेस पुन्हां पाऊस होऊन पडतें. ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हें प्रयोगानें दाखवून दिलें. सारांश, नदी अरण्यास पोसते आणि अरण्य नदीस.

ही सांखळी अभंग नाहीं. मानौस येथें १९०२ पासून पाण्याची उंची नोंदली जाते. २०२३ सालीं ती पूर्वीं कधींहि नव्हती इतकी खालीं गेली, आणि २०२४ सालीं त्याहूनहि खालीं. जेथें नदी हाच रस्ता, तेथें नावा चिखलांत रुतल्या, खेड्यांत अन्न व पिण्याचें पाणी पोंचेना, मुलांना शाळा गांठतां येईना. पृथ्वीची वाढती उष्णता हें याचें एक मुख्य कारण असल्याचें शास्त्रज्ञ सांगतात. वृक्षतोडीनें संकटांत भरच पडते.

विद्यार्थिमित्रांनो, जगांतील सर्वांत मोठी नदीहि झाडाच्या पानावर अवलंबून आहे. यापुढें नकाशावर ती निळी रेघ ओढाल, तेव्हां तिच्या दोहों बाजूंचा हिरवा रंग भरण्यास विसरूं नका.