माळशेजचा घाट आणि नाणेघाटाचा रांजण

कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे गावाजवळ आला की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. येथूनच नाणेघाटाची जुनी पायवाट फुटते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. माथ्यावर दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकीत, अशी परंपरा आहे. शेजारच्या लेण्यातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञदक्षिणेच्या गाई, घोडे आणि कार्षापणांचे आकडे कोरलेले आहेत. त्या अंकांत शून्य नाही, तरी हजारोंचा हिशेब चोख मांडलेला आहे! खतावण्यांत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याचा पाय तेथून लवकर निघत नाही. मोटारीने नाणेघाट पाहावयाचा असेल, तर मात्र जुन्नरहून घाटघरमार्गे यावे.

मोटारीची खरी वाट पुढे, माळशेजची. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे पाणी काही ठिकाणी थेट रस्त्यावर येते आणि नेमक्या त्याच वळणावर गाड्या उभ्या राहतात. हा मोह आवरावा. पाण्याबरोबर दगडही येतात. दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद पडला आहे. धुक्यात प्रखर दिवा लावल्यास त्याचा प्रकाश उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो, म्हणून दिवा खालच्या झोताचाच ठेवावा.

चढणीपेक्षा उतरण अवघड, हे आपल्याकडील घाईच्या मंडळींना पटत नाही. दुकान उघडण्याची वेळ गाठण्यासाठी उतारावर गाडी सैल सोडणारे, इंधन वाचविण्याकरिता गिअर काढून घेणारेही पाहिले आहेत. अशा वेळी सारा भार ब्रेकवर पडतो. सतत दाबून तो तापतो आणि ऐन वळणावर त्याची पकड सुटू शकते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा आणि वेग इंजिनाला रोखू द्यावा. जळका वास आला, तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी व ब्रेक निवू द्यावेत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनास आधी वाट देणे, हा नियमच आहे. भरलेला ट्रक चढावर एकदा थांबला की पुन्हा हलविणे सोपे नसते.

माथा ओलांडला की पिंपळगाव जोगा धरणाचे विस्तीर्ण पाणी दिसते. तेथे मात्र निवांत थांबावे. पलीकडे ओतूरच्या बाजारातून कांद्याची पोती भरून निघालेले ट्रक आपण चढून आलेला घाट उतरावयास निघालेले असतात.