माया आणि आडवी पडलेली बाग

रावेर तालुक्यात मे-जूनचे वादळ घटकाभरात येऊन जाते आणि निसवलेली केळी घडांसकट आडवी होते. मग बांधावर कुणी वडीलधारे समजूत घालतात, ‘जाऊ दे रे भाऊ, ही सारी मायाच!’ बागेचा धनी गप्प असतो. त्याच्यापुढे पीककर्जाचा हप्ता उभा असतो.

जग खरोखर बाहेर आहे, की आपल्या मनातच? हा प्रश्न आपल्याला परका नाही. आमच्याच जिल्ह्यात, अमळनेरला, गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. तेथील मलकानी, रासबिहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या अभ्यासकांनी १९३३ मध्ये ‘अज्ञान’ या विषयावर ग्रंथच लिहिला.

प्रश्न सोपा वाटतो, पण सुटत नाही. केळ्याचा पिवळेपणा डोळ्यांनी कळतो, वास नाकाने, गोडी जिभेने. या जाणिवा बाजूला काढल्या तर उरते काय? मनाबाहेर जाऊन केळे तपासून येण्याची सोय नाही. म्हणून विज्ञानवादी बौद्ध म्हणाले, जाणीव तेवढी खरी.

गंमत अशी, की त्यांना खोडून काढले ते ज्यांना आपण मायावादी म्हणतो त्या शंकराचार्यांनी! ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात ते सांगतात, वस्तू अनुभवाला येते, तेव्हा ती नाहीच असे म्हणता येत नाही. स्वप्न जागेपणी खोटे ठरते. जागेपणीचे जग तसे ठरत नाही. ब्रह्मज्ञान होईपर्यंत व्यवहार खराच.

माझी हयात बँकेत गेली. मनाच्या आधाराने जगणारी वस्तू मी रोज मोजली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीनंतर पाचशे-हजारच्या जुन्या नोटा चलनातून गेल्या. कागद तोच, शाई तीच. मान्यता तेवढी संपली. केळीचे तसे नाही. साऱ्या गावाने एकमताने ठरवले तरी मोडलेले खोड उभे राहत नाही, आणि वारा तर कुणाच्या ध्यानीमनी नसताना येतो.

हा काही गणितातला पुरावा नव्हे. पंचनामा करणारा तलाठीही स्वप्नातलाच, असे हट्टाने म्हणता येते. पण तसे म्हणणाराही भूक लागली की घरी जेवायलाच जातो.

तेव्हा माया हा शब्द जपून वापरावा. स्वतःच्या नफ्याला खुशाल माया म्हणावे. शेजाऱ्याच्या नुकसानीला म्हणू नये. आपल्या भाषेत माया म्हणजे जिव्हाळाही. पडलेल्या बागेच्या बांधावर गरज असते ती त्या मायेची.