करवत किती ताकदीची हवी?

२ जून २०२४, रविवार. बेंगळुरूवर त्या दिवशी १११.१ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि जून महिन्यातल्या एका दिवसाच्या पावसाचा १८९१ सालचा विक्रम मोडला. ट्रिनिटी आणि एम. जी. रोड या स्थानकांच्या दरम्यान मेट्रोच्या मार्गावर झाड पडले, गाड्या खोळंबल्या. शहरभर शेकडो झाडे आणि फांद्या रस्त्यांवर, मोटारींवर, विजेच्या तारांवर आडव्या झाल्या. अशा रात्री रस्ता मोकळा करायला येतो तो पाच-सहा जणांचा गट, आणि त्यांच्या हातात असते घरघरणारी चेनसॉ. साखळीवर दात बसवलेली ही यांत्रिक करवत पूर्वी फक्त जंगलाच्या ठेकेदारांकडे दिसायची. आता ती फार्महाऊसच्या गॅरेजमध्ये, मोठ्या सोसायट्यांच्या स्टोअररूममध्येही असते.

वादळ ओसरले की यांत्रिक अवजारांच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "याहून ताकदीचे मशीन आहे का?" गिऱ्हाइकाची अडचण खरी असते. फांद्या छाटायला घेतलेली लहान करवत जाड ओंडक्यात रुतते, इंजिन गुदमरते, धूर निघतो. दुकानदार आनंदाने मोठे मशीन पुढे करतो. पण आधीच्या मशीनला नेमके काय झाले होते, हे विचारायला दोघांपैकी कुणालाच सवड नसते!

या शहराला मोठ्या करवतीची गरज का पडते, हे त्याच्या रस्त्यांवरून फिरले की कळते. बेंगळुरूच्या जुन्या भागांत पर्जन्यवृक्षांचे बुंधे दोघांच्या कवेत मावत नाहीत. रस्त्यांच्या कडेने कोणती झाडे लावावीत, कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलेल, याचा विचार इथे शंभर वर्षांपूर्वी झाला. तो करणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव्ह क्रुम्बिगल आधी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या पदरी होते, १९०८ साली ते लालबागेत आले. पुढे १९८० च्या दशकात सेतुराम नेगिनहाळ या वनाधिकाऱ्याने शहरात सुमारे पंधरा लाख रोपे लावून घेतली. ती रोपे आज पूर्ण वाढलेले वृक्ष आहेत. गुलमोहर, सोनमोहर, पिचकारी ही झाडे दिसायला देखणी, पण लाकूड ठिसूळ. त्यात गटारे आणि पदपथ खोदताना मुळे तुटतात, वरून काँक्रीटचा गळफास बसतो. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्याला एवढे निमित्त पुरते.

मशीन निवडताना बहुतेकांची नजर जाते ती सीसीच्या आकड्यावर, मोटारसायकल घेताना जाते तशीच. खरा आकडा आहे किलोवॉटचा. नामांकित कंपनीचे ४५ सीसीचे इंजिन २.३ किलोवॉट, म्हणजे साधारण तीन अश्वशक्ती देते. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या बिननावाच्या करवतीवर '५८ सीसी' असा ठळक स्टिकर असतो आणि माहितीपत्रक उलटून पाहिले की ताकद पुष्कळदा तेवढीच, किंवा थोडीशीच जास्त निघते. ७० सीसीच्या वरची व्यावसायिक करवत ३.९ किलोवॉटपर्यंत, म्हणजे पाच अश्वशक्तीच्या पुढे जाते. फरक आहे तो इथे.

दुसरी गोष्ट पट्टीची. साखळी ज्या लांब पोलादी पट्टीवरून फिरते तिला बाजारात 'बार' म्हणतात. सोळा ते अठरा इंची बारला ४५ सीसीचे इंजिन पुरते. वीस ते पंचवीस इंची बार लावायचा तर ६० ते ७० सीसीचे, तेही साडेतीन किलोवॉटच्या आसपासचे इंजिन हवे. लहान इंजिनावर लांब बार चढवून देणारे दुकानदार भेटतात. त्यांच्यापासून सावध राहावे. लाकडात एकाच वेळी जितके जास्त दात रुततील, तितका इंजिनावर भार वाढतो, साखळी मंदावते आणि माणूस जोर लावून करवत दाबू लागतो. शिवाय बुंध्याइतका लांब बार असलाच पाहिजे असेही नाही. कसबी कारागीर दोन्ही बाजूंनी कापत बारच्या जवळजवळ दुप्पट जाडीचा ओंडका तोडतो.

तेव्हा हिशेब असा करावा. वर्षातून दोन-चारदा फांद्या छाटायच्या, फूटभर जाडीचे ओंडके करायचे, तर ४० ते ४५ सीसीच्या पुढे जाण्याचे कारण नाही. रोज दोन-तीन फुटी बुंधे कापणाऱ्या पालिकेच्या गटाला किंवा कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीच्या मळ्यात सिल्व्हर ओकची तोड करणाऱ्याला मोठे मशीन हवेच. लहान मशीन तिथे दिवसभर पूर्ण वेगाने राबून लवकर निकामी होते. वजनाचाही विचार हवा. ४५ सीसीचे मशीन बार-साखळीशिवाय साडेचार किलोच्या आसपास भरते, ७२ सीसीचे साडेसहा किलोच्या. दोन किलोंचा हा फरक दुकानात जाणवत नाही, तासाभराने खांद्यांना जाणवतो. दमलेल्या हातातली करवत ही अपघाताची पहिली पायरी.

अळीने शिकवलेली धार

लहान करवत अडली ती ताकद कमी पडली म्हणूनच, असे समजणे घाईचे ठरते. बहुतेक वेळा दोष असतो तो बोथट साखळीचा. ओळखायची खूण सोपी आहे. धारदार साखळी लाकडाच्या जाड कपच्या उडवते, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते. करवत आपल्या वजनाने लाकडात शिरत नसेल, दाबावी लागत असेल, तर मोठे मशीन बघण्याआधी गोल कानस हातात घ्यावी. शहरातल्या झाडात तर धोका दुहेरी. जाहिरातींच्या पाट्यांचे खिळे, तारा, लहानपणी लावलेला लोखंडी पिंजरा, सारे काही खोडाने गिळलेले असते. एका खिळ्यावर साखळी घासली की दातांची धार गेली. अशा वेळी पाच अश्वशक्तीचे इंजिनही बोथट साखळीच फिरवणार.

या दातांची कथा मोठी गमतीची आहे. आंद्रेआस श्टिल यांनी जर्मनीत १९२६ साली विजेवर चालणारी साखळी करवत बनवली. ती उचलायला दोन माणसे लागत. पुढे पेट्रोलची इंजिने आली, हलकी झाली, पण साखळीचे दात सारखे बिघडत. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याला एका बुंध्यात भुंगेऱ्याची अळी दिसली. लाकडाच्या रेषांच्या दिशेने असो वा आडवे, ती सारख्याच सहजतेने पोखरत चालली होती, डावीकडे-उजवीकडे जबडे चालवत. त्या जबड्यांवरून कॉक्सने साखळीचा नवा दात घडवला आणि १९४७ साली विक्रीला आणला. आजच्या साखळ्यांचा दात मूळ रूपाने तोच आहे.

पडलेले झाड मेलेले नसते

उभे झाड पाडण्याची रीत ठरलेली आहे. पडायच्या दिशेला खाच घ्यायची, मागून काप घालायचा, मधे बिजागरीसारखी लाकडाची पट्टी राखायची आणि पाचर ठोकायची. पाचर काढायला गेलेल्या माकडाची पंचतंत्रातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच आहे. पण वादळाने आडवे केलेले झाड जास्त फसवे. त्याच्या खोडात ताण आणि दाब अडकून बसलेला असतो. एका बाजूचे तंतू ताणलेले, दुसऱ्या बाजूचे आवळलेले. दाबाखालची बाजू आधी थोडी कापून मग ताणाची बाजू घ्यायची असते. उलटे केले की करवत चिमटीत अडकते किंवा ओंडका गलोलीसारखा उसळतो. मुळांसकट उन्मळलेल्या झाडाचे खोड कापले की वजन उतरल्यामुळे मुळांचा प्रचंड गड्डा क्षणात परत खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात कुणी मूल डोकावत असेल, तर? तारा गुंतलेल्या असतील तर वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत झाडाला हातही लावायचा नाही.

मोठ्या मशीनचा फटकाही मोठा. फिरत्या साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या घरात, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून साखळीचा ब्रेक चालू आहे की नाही हे दुकानातच मशीन सुरू करवून पाहावे. ज्या मशीनला तो ब्रेक नाही ते फुकट मिळाले तरी नको. शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांवर टोपणे आणि साखळी अडवणारी खास विजार यांचा खर्च किमतीतच धरावा. आपल्याकडे चपला घालून चेनसॉ चालवणारे पाहिले की छातीत धस्स होते.

निगा फारशी अवघड नाही. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल कंपनी सांगेल त्याच प्रमाणात. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिलिलिटर. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढते. त्यामुळे केलेले मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवू नये, आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. बारच्या तेलाची टाकी वेगळी असते, ती कोरडी पडली की नवी साखळीही तापून ढिली होते.

आणि खरेदीची पावती म्हणजे झाडे तोडायचा परवाना नव्हे. कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा १९७६ सालचा आहे. त्यानुसार, सूट दिलेल्या काही जाती सोडल्या तर, स्वतःच्या आवारातले झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. हा अर्ज वर्षानुवर्षे बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेच्या वन विभागाकडे जात असे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या पालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या, तेव्हा अर्ज लिहिण्याआधी आपले घर त्यांपैकी कुणाच्या हद्दीत येते, ते पाहून घ्यावे.