खाकी गणवेशाची निगा

तुमच्या घरी किंवा शेजारी कोणीतरी गणवेश घालून कामाला जात असेल. कोणी एसटीत वाहक असेल, कोणी पोस्टमन, कोणी रखवालदार. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर सकाळी जाऊन पाहा. खाकी कपड्यांतले वाहक आणि चालक तुम्हांला जागोजागी दिसतील.

समजा, तुमचे अब्बा अशाच एका गाडीवर वाहक आहेत आणि त्यांच्याकडे गणवेशाचे दोनच जोड आहेत. एक अंगावर, दुसरा दोरीवर. तिसरा शिवायचा म्हणजे कापड, बटणे, शिलाई असा सगळा खर्च घरातून करायचा. तेव्हा हे दोन जोड जितके जास्त दिवस टिकतील, तितके बरे. पण पुष्कळ घरांत गणवेश वापरून फाटत नाही, धुऊन फाटतो. मोगरीने बडवणे, कडक ब्रशने घासणे, मूठभर पावडर ओतणे यांनी कपडा स्वच्छ होण्याआधी विरतो.

'खाकी' हा शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. उर्दूत 'खाक' म्हणजे धूळ, माती. म्हणून खाकी म्हणजे मातीच्या रंगाचे. १८४६ साली पेशावर येथे 'गाइड्स' नावाची पलटण उभी राहिली. तिने सुरुवातीच्या काळातच असे मातकट रंगाचे कपडे स्वीकारले. या रंगावर धूळ दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण घाम मात्र दिसतो!

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. हवा कोरडी असते, त्यामुळे घामातले पाणी चटकन उडून जाते आणि मीठ कापडावर राहते. पाठीवर आणि काखेत दिसणाऱ्या पांढऱ्या रेषा या मिठाच्याच असतात. मीठ पाण्यात विरघळते, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. मग त्यासाठी साबण कशाला? अब्बा घरी आल्याबरोबर शर्ट साध्या, थंड पाण्यात बुडवून दोनदा पिळला, तर या रेषा निघून जातात. तोच शर्ट दोन दिवस खुंटीवर राहिला, तर घामाचा वास कापडात मुरतो.

कॉलरची गोष्ट वेगळी आहे. तिथला काळा पट्टा म्हणजे मानेचे तेल आणि त्यावर बसलेली धूळ. वाहकाच्या खांद्यावर पिशवीचा पट्टा घासतो, तिथेही असाच डाग पडतो. तेल पाण्यात विरघळत नाही. इथे साबण हवाच. साबणाच्या प्रत्येक कणाचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते आणि दुसरे तेलाकडे. तेलाला धरून तो ते पाण्यात ओढून नेतो. पण या कामाला थोडा वेळ लागतो. म्हणून ओल्या कॉलरवर साबणाची वडी फिरवा आणि पंधरा-वीस मिनिटे तशीच ठेवा. नंतर कापडावर कापड हलकेच चोळा. ब्रशची गरज बहुधा पडत नाही.

तुमच्याकडे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असेल, तर कधी कधी कितीही चोळले तरी फेस येत नाही. असे पाणी 'जड' असते; पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. त्यातले क्षार साबणाशी मिळून पांढरट, चिकट साका तयार करतात. साबण वाया जातो, कपडाही कडक होतो. अशा वेळी वडी झिजवत बसू नका. बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा, किंवा साबणाऐवजी धुण्याची पावडर वापरा. पावडर जड पाण्यातही काम करते. ती थोडीच घ्या आणि कपडा नीट खळबळा. पावडर कापडात राहिली, तर त्यावर धूळ लवकर बसते.

आता डागांकडे वळू. खिशात बॉलपेन गळले, तर डागाखाली जुने फडके ठेवा आणि वरून स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने टिपा. चोळू नका, नाहीतर शाई पसरेल. गाडीच्या दाराचे वंगण लागले, तर त्यावर खडूची भुकटी दाबून ठेवा. ती तेल शोषून घेते. मग साबण लावा. रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्यात धुवा. गरम पाण्यात तो उकडलेल्या अंड्यासारखा घट्ट होतो. गंजाच्या डागाला लिंबू आणि मीठ लावतात. आपले नागपूर संत्र्यांचे खरे, पण इथे संत्रे उपयोगाचे नाही, लिंबाचा आंबटपणाच लागतो. हे आधी शर्टाच्या आतल्या शिवणीवर करून पाहा, कारण लिंबाने रंगही फिका होऊ शकतो. ब्लीचिंग पावडर मात्र खाकीला कधीच लावू नये. डागाबरोबर ती रंगही खाऊन टाकते.

उन्हाळ्यात गणवेश तासाभरात वाळतो. तो उलटा करून सावलीत घाला, म्हणजे उन्हाने रंग उडणार नाही. खरी परीक्षा जुलैत होते. रात्री धुतलेली पँट सकाळी ओलीच असते, आणि ओल्या कापडात जिवाणू वाढून कुबट वास येतो. त्यावर एक सोपी युक्ती आहे. पिळलेली पँट कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि तो जोराने दाबा. पुष्कळसे पाणी टॉवेल घेतो. मग खिसे बाहेर काढून पँट पंख्याखाली टांगा. सुती कापडापेक्षा टेरिकॉट लवकर वाळते. मात्र तेलाचे डाग आणि घामाचा वास ते जास्त धरून ठेवते.

सकाळी कपडा किंचित दमट असेल, तर त्यावर लगेच इस्त्री फिरवा. सुरकुत्या सहज जातात आणि उरलेला ओलावाही निघतो. इस्त्री नसेल, तर पितळी तांब्यात निखारे घालून त्याचा तळ कपड्यावर फिरवता येतो. पण त्याआधी डाग उरला आहे का, ते उजेडात पाहून घ्या. डाग गरम झाला, की मग तो साबणालाही दाद देत नाही.