केपच्या मदरशातील आफ्रिकान्स

आफ्रिकान्स ही दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या राज्यकर्त्यांची भाषा होती आणि वर्णभेदाची राजवट संपताच तिचेही दिवस संपले, असा समज अनेकदा आढळतो. त्याचा पहिला भाग अपुरा आणि दुसरा चुकीचा आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ६८ लाख ५० हजार लोकांनी आफ्रिकान्स ही आपली पहिली भाषा असल्याचे नोंदवले आणि त्यांतील निम्म्याहून किंचित अधिक लोक ‘कलर्ड’ समाजाचे, म्हणजे गुलाम, खोईखोई हे मूळचे पशुपालक आणि युरोपीय वसाहतवाले यांच्या संमिश्र वंशातून घडलेल्या समाजाचे होते.

या समाजाची घडण आणि भाषेची घडण एकमेकींपासून वेगळी काढता येत नाही. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला आणि मांस पुरवण्यासाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळील केप येथे ठाणे वसवले आणि पुढील दीड शतकात बंगाल, कोरोमंडल, मलबार, इंडोनेशिया, मादागास्कर व मोझांबिक येथून ६० हजारांच्या आसपास गुलाम तेथे आणले गेले. त्यांना आपसांत बोलायला एक भाषा नव्हती, त्यामुळे मालकांची डच त्यांच्या आणि खोईखोईंच्या तोंडी पडून झपाट्याने बदलली. मराठीत ‘मी करतो, ती करते, ते करतात’ असे क्रियापद बदलते. आफ्रिकान्समध्ये ‘काम करणे’ या अर्थाचे ‘वेर्क’ हे रूप सर्व कर्त्यांना तसेच्या तसे चालते. नामांना लिंग उरले नाही आणि नकारदर्शक ‘नी’ हा शब्द बहुतेक वाक्यांत दोनदा येऊ लागला. केळ्याला ‘पिसांग’ आणि लोणच्याला ‘आच्यार’ हे शब्द मलय भाषेमार्गे आले. हा बदल डच बोलींतूनच झाला की गुलामांच्या संपर्कामुळे, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. तथापि दुसरा घटक वगळून केलेले कोणतेही विवेचन पुरेसे ठरत नाही.

भाषेच्या लेखनाचा इतिहास याहून बोलका आहे. इंडोनेशियातील तिदोर बेटाच्या राजघराण्यातील आणि पुढे ‘तुआन गुरू’ म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्वानाला डचांनी १७८० मध्ये कैदी करून केपला आणले; सुटकेनंतर त्यांनी केपटाऊनमध्ये मदरसा काढला आणि त्यात गुलामांची व मुक्त झालेल्या कुटुंबांची मुले शिकू लागली. एकोणिसाव्या शतकात मदरशांतील मलय भाषेची जागा हळूहळू आफ्रिकान्सने घेतली आणि विद्यार्थी पाठ करावयाचे धडे ‘कोप्लेसबुक’ नावाच्या वहीत अरबी लिपीत लिहून घेऊ लागले. ऑटोमन सुलतानाने पाठवलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी १८६३ मध्ये केपटाऊनला पोहोचले आणि धार्मिक आचारांवरील त्यांचा ‘बयान अद्-दीन’ हा आफ्रिकान्स ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. अरबी लेखनात बहुधा गाळली जाणारी स्वरचिन्हे त्यात काळजीपूर्वक दिलेली असल्याने, केपच्या मुस्लिमांचे त्या काळातील उच्चार आजच्या भाषाशास्त्रज्ञांना त्यावरून बऱ्याच अंशी ताडता येतात.

याच सुमारास, १८७५ मध्ये, पार्ल गावी गोऱ्या आफ्रिकान्सभाषकांनी संस्था स्थापली आणि तोवर ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवली जाणारी बोली आपल्या राष्ट्राची भाषा म्हणून पुढे आणली. १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९३३ मध्ये तिच्यात संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. प्रमाणभाषा ठरवताना मात्र मदरशांतील आणि कलर्ड वस्त्यांतील वापर बाजूला सारला गेला, आणि पुढे भाषेच्या नावाने झालेला अन्याय केवळ पुस्तकी राहिला नाही. वर्णभेदी सरकारने कृष्णवर्णीयांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्समधून शिकवण्याची सक्ती केली, तेव्हा १६ जून १९७६ रोजी सोवेटोतील विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी मुलांवर गोळ्या झाडल्या. भाषेवर बसलेला तो डाग खरा आहे. त्याच भाषेत राजवटीविरुद्ध लिहिणारे आंद्रे ब्रिंक, ब्रेटन ब्रेटनबाख आणि ॲडम स्मॉल हे लेखकही तितकेच खरे आहेत.

देशाबाहेर नामिबियात १९९० पर्यंत आफ्रिकान्स राजभाषा होती आणि आजही निरनिराळ्या जमातींना जोडणारी भाषा म्हणून ती तेथे वापरली जाते. अर्जेंटिनाच्या चुबूत प्रांतात ब्रिटिश आणि गोरे आफ्रिकान्सभाषक यांच्यातील बोअर युद्धानंतर स्थायिक झालेल्या कुटुंबांतील मोजक्या वृद्धांच्या तोंडी तिचे जुने रूप टिकले, तर अलीकडच्या स्थलांतराने ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये पोहोचली. कोकणाशीही तिचा एक धागा जुळतो: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आजच्या रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतून केपटाऊनला गेलेल्या मुस्लिम कुटुंबांनी घरात कोकणी बोली राखली आणि शेजारपाजारच्या मुस्लिमांकडून आफ्रिकान्स उचलली.

केपटाऊनच्या कामगार वस्त्यांतील ‘काप्स’ ही आफ्रिकान्सची बोली वर्गात अशुद्ध ठरवली जात असे. तिच्या त्रैभाषिक शब्दकोशाचा प्रकल्प २०२१ मध्ये वेस्टर्न केप विद्यापीठाच्या सहभागाने सुरू झाला असून इंग्रजी आणि प्रमाण आफ्रिकान्स या त्यातील अन्य दोन भाषा आहेत.