ताशी शंभर सायकली

रस्त्यांच्या मानकांच्या पुस्तिका वाचण्याचा मला जुना नाद आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ सालची. रस्त्याचा उतार किती, गतिरोधकाची उंची किती, झाडे कुठे लावायची, अशा एकेका विषयावर ती एकेक लहान पुस्तिका काढते. बहुतेक पुस्तिका अभियंत्यांच्या कपाटात जातात आणि तिथेच राहतात. त्यातली अकरा क्रमांकाची पुस्तिका मात्र मी पुन्हा पुन्हा उघडतो. ती १९६२ सालची आहे आणि तिचा विषय आहे सायकल मार्गांची आखणी. देशात मोटारी मोजक्या होत्या, कारखान्याचा कामगार, पोस्टमन, शिक्षक, दूधवाला असे सगळे सायकलवर होते, तेव्हाचा हा दस्तऐवज. नाशिकमध्ये सायकल मार्गाची चर्चा निघाली की स्मार्ट सिटी, परदेशी शहरे आणि नव्या कल्पना यांचीच नावे येतात. आपल्याच अभियंत्यांनी साठ वर्षांपूर्वी हे सगळे लिहून ठेवले आहे, हे कोणी सांगत नाही.

पुस्तिकेतला पहिलाच निकष वाचण्यासारखा आहे. ज्या रस्त्यावरून गर्दीच्या तासाला शंभर ते दोनशे मोटारगाड्या जातात, तिथे त्या तासात चारशे किंवा अधिक सायकली असतील तर सायकलींसाठी वेगळा मार्ग करावा. आणि मोटारगाड्या तासाला दोनशेच्या वर गेल्या, तर सायकली शंभर असल्या तरी वेगळा मार्ग समर्थनीय आहे. गाड्या वाढल्या की सायकली कमी असल्या तरी मार्ग करा, असे हे सूत्र आहे. आजचा युक्तिवाद नेमका याच्या उलट चालतो: ‘सायकल चालवतो कोण? मग एवढी जागा कशाला?’ १९६२ च्या अभियंत्यांना कळत होते की गाड्या वाढल्या म्हणजे सायकलस्वाराला धोका वाढतो, आणि धोका वाढला की तो सायकल सोडतो. त्याने सायकल सोडली हा मार्ग न करण्याचा पुरावा होऊ शकत नाही.

हा निकष नाशिकला लावून पाहा. त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, नाशिक-पुणे रस्ता यांवर दोनशे गाड्या जायला काही मिनिटे पुरतात. म्हणजे प्रश्न उरतो तो शंभर सायकलींचा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सकाळची पाळी भरताना फाटकाशी उभे राहा. कंत्राटी कामगार, सुरक्षारक्षक, हेल्पर, कँटीनची पोरे यांत सायकलवाले आजही दिसतात. ते सायकल व्यायामासाठी चालवत नाहीत. दुचाकीचा हप्ता आणि पेट्रोल परवडत नाही म्हणून चालवतात. नाशिकरोडचे प्रेस, ओझरचे एचएएल, सातपूरचे मायको ही नावे घेतली की जुन्या नाशिककरांना पाळी सुटल्यावरचा सायकलींचा लोंढा आठवतो. या शहराचे उद्योग सायकलीवर उभे राहिले, आणि त्या सायकलींसाठी रस्त्यात जागा मात्र कधी आखली गेली नाही.

पुस्तिकेतले बारकावेही मनापासून लिहिलेले आहेत. सायकलच्या हँडलची रुंदी ४५ ते ५० सेंटिमीटर धरली आहे. स्वार थोडा डावी-उजवीकडे झुलणार, म्हणून एका रांगेला एक मीटर. मार्ग किमान दोन रांगांचा, म्हणजे दोन मीटर. ओलांडून पुढे जायची सोय हवी असेल तर तीन. शहरातल्या सायकल मार्गांवर टेप लावून पाहा, म्हणजे या दोन मीटरची किंमत कळेल. दोन्ही बाजूंना किटल्या लावलेला दूधवाला दीड मीटरच्या पट्टीवर आला की समोरून येणाऱ्याला उतरावेच लागते. पुढे एक वाक्य असे आहे की ते प्रत्येक निविदेच्या पहिल्या पानावर छापावे. त्याचा आशय असा: सायकल मार्गाचा पृष्ठभाग आणि उजेड मुख्य रस्त्याच्या तोडीचा किंवा त्याहून चांगला असावा, तरच सायकलस्वार त्यावर येईल. आपण काय करतो? मुख्य रस्ता गुळगुळीत डांबराचा किंवा काँक्रीटचा, आणि सायकलला खडखडणारे पेव्हर ब्लॉक. मग सायकलस्वार डांबरावरून जातो आणि आपण म्हणतो, बघा, मार्ग दिला तरी वापरत नाहीत.

पुलांबद्दलही स्पष्ट सूचना आहे: सायकल मार्ग पुलावरूनही पूर्ण रुंदीने न्यावा. गोदावरीने दुभागलेल्या शहराला हे वेगळे सांगायला नको. पंचवटीतून नाशकात यायचे तर पूल ओलांडावाच लागतो, आणि सायकलस्वाराला सगळ्यात असुरक्षित वाटते ते पुलाच्या तोंडाशी.

ही पुस्तिका २०१५ मध्ये सुधारून निघाली. पादचाऱ्यांसाठी क्रमांक १०३ ची वेगळी पुस्तिका आहे. तिच्या २०१२ च्या आवृत्तीत पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे डीपी बॉक्स, खांब आणि फलक वगळून उरलेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले की चालण्याजोगा पदपथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. मानके आहेत, कायदा आहे, न्यायालयाचा आदेशही आहे. मग अडते कुठे?

माझे उत्तर असे की अडते ते नकाशाच्या टेबलावर. तिथे चालणारा आणि सायकलवाला नसतो.

नाशिकमध्ये सायकलप्रेमींची संघटना नाही असे कोणी म्हणणार नाही. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनचा मोठा पसारा आहे. तत्कालीन पोलिस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नाशिक ते पंढरपूर सायकल वारी सुरू झाली आणि ती या शहराची ओळख बनली. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून पूर्ण केली, तेव्हा सबंध शहराने त्यांना डोक्यावर घेतले. एवढी प्रतिष्ठा फार थोड्या शहरांतल्या सायकलस्वारांना मिळाली असेल. ती प्रतिष्ठा आता सातपूरच्या हेल्परसाठी खर्ची पडावी, असे मला मनापासून वाटते. पहाटे हेल्मेट घालून त्र्यंबकला जाऊन येणारा डॉक्टर आणि सकाळी डबा अडकवून पाळीला जाणारा कामगार यांना एकच मार्ग लागतो. पण आयुक्तांची भेट पहिल्याला मिळते.

या मार्गाला तिसराही वाटेकरी आहे, आणि नाशकात तो संख्येने सर्वांत मोठा आहे. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबक रोडने चालत जातात. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी लोटणारी गर्दी वेगळी. चालणे आणि सायकल यांच्यासाठी सामाईक वाट करायची तर तिचा पहिला आराखडा याच रस्त्याचा हवा होता.

प्रत्यक्षात काय झाले ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत नाशिकचे नाव आले. अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा ‘स्मार्ट रोड’ पथदर्शी म्हणून निवडला गेला. पदपथ आणि सायकल ट्रॅक त्यातच होते. काम रेंगाळले, व्यापारी आणि वाहनचालक वैतागले, आंदोलने झाली. जून २०२० मध्ये केंद्राने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ हे आव्हान जाहीर केले. शंभरावर शहरांनी नोंदणी केली आणि नाशिकही त्यात उतरले. सर्वेक्षण नागरिकांच्या गटांबरोबर करायचे, आधी रंग आणि शंकू लावून मार्ग तात्पुरता आखायचा, चालवून पाहायचा आणि मगच पक्के बांधकाम करायचे, ही त्यातली पद्धत मला फार योग्य वाटते. रंग पुसता येतो, काँक्रीट पुसता येत नाही. मार्च २०२५ मध्ये स्मार्ट सिटी अभियानाची मुदत संपली. शहराच्या हाती सलग जाळे आले नाही.

सव्वा किलोमीटरहून कमी लांबीचा एकच तुकडा करून काय होते, याचे उत्तर नेदरलँड्समध्ये पन्नास वर्षांपूर्वी मिळाले आहे. त्या देशात सायकल आधीपासूनच होती, असे आपण समजतो. ते पूर्ण खरे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकल मागे हटली, आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची शाळकरी मुलगी गाडीखाली गेली. १९७२ मध्ये त्याने आपल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा होता ‘मुलांच्या हत्या थांबवा’. त्यातून त्याच नावाची पालकांची संघटना उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन ही तरुण आई होती. पुढे ती युरोपीय संसदेत निवडून गेली. या लोकांनी वस्तीतले रस्ते अडवले, रस्त्यात टेबले मांडून जेवणे केली, पंतप्रधान योप डेन उल यांच्या घरी सायकलींवरून जाऊन गाणी म्हटली. एवढ्यावर ते थांबले नाहीत, आणि मला या हकिगतीत महत्त्वाचे वाटते ते हेच. त्यांनी वस्त्यांचे आराखडे स्वतः तयार केले आणि नगरपालिकांपुढे ठेवले. संघटनेला पुढे सरकारी अनुदानही मिळाले.

सरकारने सत्तरच्या दशकाच्या मध्याला हेग आणि टिलबर्ग या दोन शहरांत एकेक उत्तम प्रात्यक्षिक मार्ग बांधला. हेगमध्ये दुकानदारांनी कडाडून विरोध केला. आपल्या मेनरोडवर होईल तसाच. पण खरा धडा मोजणीत निघाला. नव्या मार्गावर सायकली वाढल्या, पण त्या मुख्यतः आजूबाजूच्या रस्त्यांवरून वळलेल्या होत्या. शहरातली एकूण सायकल फारशी वाढली नाही. तेव्हा डेल्फ्ट या छोट्या शहरात दुसरा प्रयोग झाला. तिथे देखणा एकच मार्ग न करता सगळ्या शहराचे जाळे विणले. मोठ्या मार्गांमध्ये सुमारे ५०० मीटर अंतर, वस्तीतल्या मार्गांमध्ये २०० ते ३००, आणि अगदी गल्लीपातळीवर त्याहून कमी. नव्या बांधकामापेक्षा तुटलेले दुवे जोडण्यावर भर होता: इथे एक लहान पूल, तिथे एक बोगदा. डेल्फ्टमध्ये आधीच शेकडा ४० फेऱ्या सायकलीने होत, त्या ४३ वर गेल्या. वाढ लहान वाटेल, पण एकट्या मार्गाने जे साधले नाही ते जाळ्याने साधले.

आपल्याकडे लोकांनी नकाशा हातात घेतल्याची उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईत वांद्र्याच्या बँडस्टँडवर रहिवाशांनी न्यास काढला, वास्तुरचनाकार पी. के. दास यांनी आराखडा केला, आणि समुद्राकाठी सर्वांना चालता येईल असा फिरण्याचा मार्ग झाला. देखभालीचा भारही न्यासाने उचलला. पुण्यात १९८० च्या दशकापासून ‘परिसर’सारख्या संस्थांनी लावून धरले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याची अंमलबजावणी आजही तुकड्यातुकड्यांतच अडकली आहे. तरी आराखडा मंजूर असला की नव्या रस्त्याच्या वेळी बोट ठेवायला जागा मिळते.

नाशिकच्या संस्थांनी बोट कुठे ठेवावे? यासाठी मी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम उघडला. त्यातले कलम २९-अ प्रभाग समित्यांचे आहे. समितीत त्या क्षेत्राचे नगरसेवक असतात, हे सर्वांना माहीत आहे. त्याच कलमात पुढे आहे की त्या क्षेत्रात काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी आणि लोकाधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन सदस्य नगरसेवकांनी समितीवर नेमावेत. म्हणजे नागरिकांच्या गटाला महापालिकेच्या टेबलावर कायद्यानेच खुर्ची ठेवलेली आहे. नाशिकमध्ये सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको आणि नाशिकरोड. सहा समित्या धरल्या तर अठरा खुर्च्या होतात. या खुर्च्या राजकीय सोयीने भरण्याचा प्रघात आपल्या शहरांत आहे, आणि तो मोडण्याजोगा आहे. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात प्रभाग समित्याच नव्हत्या. रस्त्यांचे मोठे निर्णय नागरिकांच्या खुर्च्यांशिवाय झाले, याचे मला वाईट वाटते.

सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्यासाठी रस्ते रुंद होत आहेत, पूल आणि घाटांची कामे निघत आहेत. इतका पैसा या शहराच्या रस्त्यांवर बारा वर्षांतून एकदाच येतो. पर्वणीला येणारा भाविक शेवटचे काही किलोमीटर पायीच चालतो, तेव्हा चालण्याच्या वाटेचा खर्च सिंहस्थाच्या खर्चातच बसतो. सिंहस्थ संपल्यावर त्याच वाटेने शाळकरी मुले आणि कामगार जाऊ शकतील, पण त्यासाठी ती आखतानाच सलग हवी, दोन मीटरची हवी आणि पुलावर तुटता कामा नये.

म्हणून सायकल संघटना, ज्येष्ठ नागरिक संघ, कॉलनीच्या समित्या, दिंड्यांची मंडळे या सर्वांना माझी विनंती आहे. आपल्या विभागात होणाऱ्या रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा विभागीय कार्यालयाकडे मागा. मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. नकाशात पदपथ आणि सायकल मार्गाची रुंदी मीटरमध्ये लिहिली आहे का, पेव्हर ब्लॉक आहे की डांबर, चौकात आणि पुलावर मार्ग पुढे जातो की संपतो, एवढे तपासा. सकाळच्या पाळीच्या वेळी दोघे-तिघे उभे राहून सायकली मोजा आणि तो आकडा अर्जाला जोडा. आणि प्रभाग समितीच्या नेमणुका निघतील तेव्हा आपल्या संस्थेतल्या एका जाणत्या माणसाचे नाव लेखी द्या. ती व्यक्ती त्या प्रभाग समितीच्या क्षेत्रातली मतदार असावी लागते.